जाऊबाई पनामात झोपल्या

मागच्या वर्षी जवळजवळ चार महिने आमच्या घरात दोनच प्रकारचे दिवस होते. बंदराचे आणि समुद्राचे. सकाळी उठले की मी आधी सासऱ्यांकडे बघायचे. ते पेपरमागून हळूच म्हणायचे, "आज बंदर आहे." मग मी समजायचे, आज भाजीत तिखट जास्त पडणार, भांडी आदळणार आणि कामाला येणाऱ्या रतनबाईंची झाडाझडती होणार. "आज समुद्र," असं म्हणाले की आम्ही सगळे निवांत चहा प्यायचो.

यातलं बंदरही आमचं नव्हतं आणि समुद्रही. दोन्ही ठाण्याच्या क्षिप्राकाकूंचे होते. क्षिप्राकाकू म्हणजे माझ्या सासूबाईंच्या मोठ्या जाऊबाई. त्या आणि सलिलकाका लांबलचक समुद्रसफरीला गेले होते, स्पेनमध्ये बोटीत बसून थेट सिंगापूरला उतरायचं अशा. आणि माझ्या सासूबाई, उत्तराबाई, डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर बसून जळत होत्या. मी हे मागून बोलत नाहीये. त्या स्वतःच म्हणायच्या, "हो, जळतेय मी. त्यात काय चोरी आहे?"

आई, म्हणजे या माझ्या सासूबाई, भूगोलाच्या शिक्षिका. सगळी नोकरी डोंबिवलीतल्या एकाच शाळेत झाली. खडू हातात घेतला की वर्गाशी बोलता बोलता एका ओघात आफ्रिका काढायच्या, आणि ती आफ्रिकाच दिसायची. पण त्यांनी पाहिलेला सगळ्यात लांबचा समुद्र कन्याकुमारीचा, तोही शाळेच्या सहलीत, पोरं मोजत पाठमोरा. निवृत्तीनंतर फिरू, असं ठरलं होतं. पण बाबांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, प्रवासाशी वाकडं. रिक्षा कोपरच्या पुलावर चढली तरी त्यांना आवळासुपारी लागते. त्यांना सोडून जायचं आईंच्या मनात येत नाही आणि त्यांना घेऊन कुठे जाता येत नाही. म्हणून जगाचा नकाशा तेवढा घरी आला. शाळेनं भिंतीवरचे जुने नकाशे टाकून दिले तेव्हा आईंनी तो उचलून आणला. आमच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर तो आहे. त्यात सोव्हिएत युनियन अजून शाबूत आहे.

त्यांचा सगळ्यात लाडका धडा पनामा कालव्याचा. बुटांच्या खोक्यांना पुठ्ठ्याचे दरवाजे लावून त्या वर्गात कालवा मांडायच्या. बोट पहिल्या खोक्यात शिरते, मागचा दरवाजा बंद होतो, पाणी भरतं, बोट वर उचलली जाते, पुढचा दरवाजा उघडतो. पाण्याचा जिना. अजूनही फडके रोडवर भाजी घेताना एखादा टक्कल पडलेला गृहस्थ स्कूटर थांबवून ओरडतो, "बाई, पनामा!" आई लाजतात, पण त्या दिवशी भाजी जरा जास्त घेतात. मी लग्न होऊन आले त्या वर्षीच त्यांनी मला सांगितलं होतं, "रुचिता, मला काही नको. फक्त एकदा त्या दरवाजातून बोट वर चढताना बघायचीय. बोटीत बसून."

आणि हा कालवा मिळाला कुणाला, तर क्षिप्राकाकूंना.

काकू वाईट नाहीत हो. उलट फार मोकळ्या. पण भूगोल म्हणाल तर त्यांना अंबरनाथ कल्याणच्या अलीकडे की पलीकडे हे अजून विचारावं लागतं. लेकीनं आईबाबांना सफर भेट दिली. पाचपाखाडीच्या त्यांच्या घरी जेवायला बोलावून काकूंनी आम्हाला ही बातमी सांगितली.

आईंनी श्रीखंडाचा चमचा तोंडाशी धरूनच विचारलं, "वहिनी, पनामातून जाते का हो तुमची बोट?"

"कुठून? थांब हं." काकूंनी चष्मा लावून पत्रक पाहिलं. "हो गं, लिहिलंय काहीतरी. पण तिथे उतरवत नाहीत म्हणे. नुसतंच बसायचं बोटीत."

आईंनी श्रीखंड तसंच ठेवलं. निघताना आम्ही काकूंच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये उभे होतो. स्टीलची लिफ्ट, पंखा, मागे मोठा आरसा. आई आरशात स्वतःकडे बघत म्हणाल्या, "लिफ्टसुद्धा बघा हिची. नाहीतर आपला तो पिंजरा." आमची लिफ्ट जुन्या पद्धतीची आहे, ओढून लावायच्या जाळीच्या दाराची. दार नीट लागलं नाही तर आतली रेकॉर्ड केलेली बाई हिंदीत ओरडत राहते. ती बदलावी म्हणून आई सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगमध्ये भांडतात. त्यामागे काकूंचा आरसा आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

बोट निघाली आणि घराण्याच्या ग्रुपवर फोटोंचा पूर आला.

बंदराच्या दिवशी बोटीवरून सहली निघायच्या. छातीवर बसचा नंबर चिकटवायचा, काठीला फलक बांधून पुढे चालणाऱ्या गाइडच्या मागे जायचं, एक चर्च, एक बाजार, एक स्वच्छतागृह, परत बोट. काकूंच्या प्रत्येक फोटोत छातीवर तो नंबर असायचा. आई फोटो मोठा करून बघायच्या.

"नर्सरीच्या पोरांसारखा नंबर लावलाय. शी! याला काय प्रवास म्हणतात? मी केल्यात असल्या सहली, जन्मभर."

"मग सोडा ना," मी म्हणायचे.

"सोडू कशी? लिस्बनच्या फोटोखाली 'सुंदर स्पेन' लिहिलंय. पोर्तुगालला काय वाटेल?"

मग त्या ग्रुपवर लिहायच्या, 'वहिनी, हे पोर्तुगाल.' काकूंकडून दोन हात जोडलेले यायचे आणि लगेच पुढचा फोटो, कुठल्या तरी बेटावर नारळपाणी पिताना. तो बघून आईंनी हातातली कोथिंबीर देठांसकट चिरली.

समुद्राच्या दिवशी मात्र शांतता. कारण समुद्राच्या दिवशी काकूंनाही काही दिसत नव्हतं. चारी बाजूंना पाणी. मग काकू टॉवेलचे हत्ती, मोर, ससे यांचे फोटो पाठवायच्या. खोली आवरणारी माणसं टॉवेलची असली जनावरं करून पलंगावर ठेवतात म्हणे. नाहीतर हाउजी खेळतानाचे फोटो. सलिलकाका आरामखुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलेले. आई ते फोटो फार प्रेमानं बघायच्या. "हं. हाउजी. ती तर इथे गणपतीतपण खेळतात," असं म्हणून गुणगुणत पोळ्या लाटायच्या. अटलांटिक पार होईपर्यंत आमच्याकडे इतकी शांतता होती की बाबा म्हणाले, महासागर अजून रुंद हवा होता.

नकाशावर आईंनी लाल लोकरीचा धागा लावला होता. टाचणी रोज थोडी पुढे सरकायची. जशी ती पनामाजवळ गेली, तसं आईंचं बोलणं कमी झालं.

त्या दिवशी संध्याकाळी तिथली पहाट होती. आईंनी दुपारी झोप घेतली नाही. चहा झाला, दिवा लावला आणि फोन समोर ठेवून बसल्या. आदल्या दिवशी त्यांनी काकूंना सगळं समजावून सांगितलं होतं. पहाटे उठा. पुढच्या डेकवर जा. दरवाजे उघडताना व्हिडिओ काढा, हलवू नका. काकू म्हणाल्या होत्या, "हो गं बाई, काढते."

सात वाजले. काही नाही. साडेसातला आईंनी फोन चार्जिंगला लावला, काढला, परत लावला. आम्ही जेवायला बसलो तेव्हा टिंग वाजलं.

फोटोत टॉवेलचा हत्ती होता. खाली काकूंनी लिहिलं होतं, 'गुड मॉर्निंग सर्वांना. आज मस्त उशिरा उठले. आज बंदर नाही, बघायला काही नाही.'

आईंनी उष्ट्या हातानं फोन लावला. स्पीकरवर.

"वहिनी, कालवा?"

"अगं हो, पहाटेच लागला म्हणे. हे गेले होते वर. मी म्हटलं, उतरवत नाहीत तर उठायचं कशाला? कालच्या सहलीत पाय असे दुखलेत ना, उत्तरा!"

"दादांनी फोटो काढले?"

"काढलेत की. सगळ्यांत अंगठा आलाय त्यांचा. पाठवू?"

आईंनी फोन बंद केला. ताटाकडे बघत बसल्या. मग इतक्या हळू म्हणाल्या की मला नीट ऐकूही आलं नाही, "झोपली. पनामात झोपली ती." आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आजवर आम्ही त्यांच्या जळण्याची चेष्टा करत होतो. त्या दिवशी कुणी केली नाही. बाबांनी आपल्या ताटातला पापड उचलून त्यांच्या ताटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी नकाशावरचा धागा निघाला. ग्रुप म्यूट झाला. काकूंच्या फोनला आई "देवळात आहेत" असं मला सांगायला लावायच्या. इतक्या वेळा देवळात की काकूंना वाटलं असणार, उत्तरानं देवळातच खोली घेतली.

मग एका सोमवारी सकाळी काकूंचा फोन आला आणि नेमका तो आईंनीच उचलला. काकूंचा आवाज रडवेला होता. त्या वेळी त्या प्रशांत महासागराच्या मध्यावर होत्या, आणि तिथे अजून रविवारची संध्याकाळ होती.

"उत्तरा, इथे काहीतरी भलतंच सांगतायत. उद्या सोमवार आणि परवा डायरेक्ट बुधवार. मंगळवार नाहीच म्हणे! अगं, मंगळवारी अंगारकी आहे. माझी एक अंगारकी चुकली नाही आजवर. आता उपास कधी करू?"

मी आईंचा चेहरा बघत होते. वाररेषेचा हा प्रश्न त्यांनी परीक्षेत शंभरदा घातला असेल. पण पेपरात अंगारकी कधी आली नव्हती. पहिल्यांदा त्या खुलल्या. वाररेषा पश्चिमेकडे ओलांडली की एक वार गळतो, हे शिक्षिकेच्या आवाजात समजावून सांगितलं. खरं उत्तर सोपं होतं. आपल्याकडे मंगळवार उजाडेल तेव्हाच्या त्यांच्या दिवशी, म्हणजे सोमवारी, एक उपास करायचा, चंद्र बघून सोडायचा, झालं. ते त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. आणि मग तिथून परत गेलेलंही दिसलं.

"वहिनी," आई गंभीरपणे म्हणाल्या, "शंका नको. सोमवार आणि बुधवार दोन्ही धरा. कडक. आणि चंद्र डोळ्यांनी दिसल्याशिवाय सोडायचा नाही."

"दोन दिवस?"

"वार गळलाय ना. मग अलीकडचा आणि पलीकडचा."

"बरं झालं बाई तुला विचारलं," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला.

बाबांनी पेपर खाली केला. "उत्तरा, हे कुठल्या शास्त्रात आहे?"

"बोटीवर चोवीस तास खाणं चालू असतं म्हणे," आई म्हणाल्या. "बघू दे नुसतं दोन दिवस. मी नाही का बघतेय?" त्या दिवशी घरात शिरा झाला. मला तो फार गोड लागला नाही, पण खाल्ला.

मे महिन्यात काका-काकू परत आले. काशीहून आल्यावर मावंदं घालतात तसं काकूंनी बोटीचं मावंदं घातलं. गंगेच्या गडूऐवजी प्रत्येकाला फ्रिजवर लावायची चुंबकं. पुरणपोळीचं जेवण, घरातली आणि माहेरची मंडळी, आणि जेवताना टीव्हीवर सगळ्या सफरीचे फोटो. आई येणार नाही म्हणत होत्या. मग जरीची साडी नेसून सगळ्यांच्या आधी तयार झाल्या.

काकू फोटो दाखवायला लागल्या आणि पहिल्या पाच मिनिटांतच अडखळल्या. "हे चर्च... हे त्या पहिल्या गावातलं की दुसऱ्या? अहो, हे कुठलं?" काका पुरणपोळीवर तूप घेत म्हणाले, "सगळीकडे चर्चच होतं."

"वहिनी, हे मदेरा बेट," आई म्हणाल्या. मग पुढचा फोटो त्यांनीच सांगितला. मग त्यापुढचा. मदेरावरच्या द्राक्षमळ्यांच्या पायऱ्या, कॅरिबियन बेटांवरचा ऊस, कोलंबियातल्या बंदराची तटबंदी. बघता बघता सगळ्यांनी खुर्च्या आईंकडे वळवल्या. काकूंची भाची संचिता म्हणाली, "मावशी, तुम्ही कधी गेला होता?" आई नुसत्या हसल्या. इतक्या सुंदर हसल्या की मला वाटलं, चला, फिटलं.

पनामा आला. काकांचा अंगठा आणि अंगठ्याच्या कडेला थोडी लोखंडी चौकट. आईंनी तीन वाट्या ओळीनं मांडून कालवा समजावून सांगितला. त्या वर्गात असतील तशा दिसत होत्या. शेवटी संचितानं विचारलं, "पण मावशी, आत असताना कसं वाटतं? हलतं का?"

 आईंचा हात वाटीवर तसाच राहिला.

"हलत नाही गं," उत्तर काकूंनी दिलं. अगदी सहज, पोळी वाढता वाढता. "मी झोपेतच होते, पण मध्येच डोळा उघडला. आमची खोली खालच्या मजल्यावर, गोल खिडकीची. बघते तर खिडकीला लागून भिंत. हात काढला तर लागेल अशी, ओली, शेवाळ्याची. सगळा अंधार. मग ती भिंत हळूहळू खाली जायला लागली. आवाज नाही, धक्का नाही. नुसती खाली जातेय, खाली जातेय. आणि मग वरून उजेड आला, पलंगावर. मला वाटलं, मी डोंबिवलीला उत्तराच्या लिफ्टमध्ये आहे. ती तुमची जाळीची नाही का? तसंच अगदी. मग परत झोप लागली."

"भिंत खाली जाते?" आईंनी विचारलं.

"हो."

"बोट वर जाते, वहिनी."

"असेल गं, तू म्हणतेस तर. मला आपली भिंतच खाली जाताना दिसली."

 आईंनी खोक्यांमधली बोट नेहमी वरून पाहिली होती. बोटीतून ती कशी दिसेल हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ते सांगणारी बाई झोपेत होती.

"सगळ्यात आवडलं काय पण, काकू?" कुणीतरी विचारलं.

"चंद्र," काकू लगेच म्हणाल्या. "आणि तो दाखवला या उत्तरानं. हिनं मला दोन दिवस उपास धरायला लावला. सगळे आत जेवायला, आणि मी एकटी डेकवर चंद्राची वाट बघत. पहिल्या दिवशी उगवला बरोबर. दुसऱ्या दिवशी ढग. हे म्हणाले सोड, पण मी म्हटलं, उत्तरानं सांगितलंय, डोळ्यांनी दिसला पाहिजे. बसले. आणि मग ढग फाटला आणि चंद्र पाण्यातून वर आला गं! एवढा मोठा. खाली नुसता समुद्र, बाकी काही नाही, कुणी नाही. मी तिथेच रडले. इतक्या बंदरांना उतरले, पण असं काही बघितलं नाही. उत्तरा नसती तर मी आत पास्ता खात बसले असते."

आणि काकूंनी पुढे होऊन आईंच्या ताटात स्वतःच्या हातानं पुरणपोळी वाढली. बाबांनी मान खाली घातली. मी पाणी प्यायले.

परतताना टॅक्सीत आई खिडकीशी बसल्या. कळव्याचा पूल गेला, मुंब्र्याचा डोंगर गेला, बाबांनी आवळासुपारी चघळली. शिळफाट्याच्या सिग्नलला आई एकदम म्हणाल्या, "चंद्रसुद्धा मीच दिला तिला." 

बिल्डिंगशी पोचलो तेव्हा चार-साडेचार झाले असतील. लिफ्ट खालीच होती. आम्ही तिघे आत शिरलो, मी जाळीचं दार ओढून लावलं. आई जाळीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, अगदी जवळ. लिफ्ट निघाली. समोरची भिंत खाली जायला लागली. कळकट, पानाचे डाग पडलेली, कुणीतरी बदाम कोरलेली. मग पहिल्या मजल्याचा उजेड आला, आईंच्या डोक्यापासून पायांपर्यंत गेला. परत भिंत. परत उजेड. त्यांनी जाळीला हात लावला होता.

चौथा मजला आला. बाबा उतरले, मी उतरले. आई उतरल्या नाहीत.

"तुम्ही व्हा पुढे," त्या म्हणाल्या. आतून दार ओढून घेतलं आणि खाली गेल्या.

मी जिन्याशी उभी राहिले. लिफ्ट खाली पोचल्याचा आवाज आला. मग वर यायला निघाली. चौथ्यावर आली, थांबली, परत खाली. दुसऱ्या मजल्यावरच्या हौसाबाई ओरडल्या, "ओ, लिफ्ट सोडा की! किती वेळ?" कुणी सोडली नाही. बाबा कुलूप न काढता दाराशी तसेच उभे होते. मी काही बोलणार तर त्यांनी हातानंच गप्प राहायला सांगितलं.

शेवटी लिफ्ट चौथ्यावर येऊन थांबली. आईंनी दार अर्धं उघडलं. आतली बाई दरवाजा बंद करा म्हणून हिंदीत ओरडायला लागली, पण आई चौकटीतच उभ्या राहिल्या. जरीची साडी, हातात काकूंनी दिलेल्या चुंबकांची पिशवी.

"मी झोपले नसते, रुचिता," त्या म्हणाल्या.